घोडी चिकटवायची नसते

लव्हर्न बास्कम यांनी पेटी टेबलावर ठेवली
आणि हातमोजे काढले नाहीत.
बाहेर टोलेडोचा फेब्रुवारी,
रस्त्याच्या कडेला मीठ खाऊन काळवंडलेला बर्फ.
"वडिलांची आहे," म्हणाल्या. "किंमत सांगा."

पेटीला तीन कड्या, तिसरीच्या जागी सुतळी.
झाकण उघडलं तसा वास आला,
जुन्या लॅकरचा, सिगारेटींचा,
आणि आंबूस, व्हिनेगरसारखा काहीतरी.
नखीचे ओरखडे लागू नयेत म्हणून बसवलेली
सेल्युलॉइडची पट्टी कुजत होती.
साठ वर्षांनी ती आपणहून विरघळू लागते,
शेजारच्या सोनेरी मुलाम्यालाही हिरवं करते.
एवढंच काय ते मेलेलं.
बाकीची गिटार जागी होती.

कडेला करपलेल्या साखरेचा रंग,
मध्याकडे येता येता मध.
पोट फुगीर, पण वाकवलेलं नव्हे, कोरलेलं.
जाड फळीतून कुणीतरी इतकं लाकूड काढून टाकलं होतं
की उरलेलं बोलायला लागावं.
बोटाच्या पेराने टकटक केलं. बोललं.

एफच्या फटीतून आरसा आत सरकवला, बॅटरी धरली.
आत पटाशीचे खवले तसेच.
इथे कोण बघणार, म्हणून कुणी घासले नव्हते.
पेन्सिलीत एक आकडा, धुळीचा एक गोळा,
आणि कधीतरी हातातून निसटलेली नखी.

"घोडी सुटली आहे. चिकटवून द्याल?"
नाही हो, घोडी चिकटवायची नसते.
ती तारांच्या भारावर उभी असते नुसती.
भार काढला की पडते.
"आमच्या घरात सगळे तसेच," त्या म्हणाल्या.

मग मी दांडी उजेडात तिरकी धरली.
पहिले सहा पडदे झिजून सपाट,
दांडीच्या पाठीवर अंगठ्याने रंग खाल्लेला.
म्हणजे हॉलिस बास्कम ताल धरायचे.
चौदा जणांचा ताफा, पुढे सगळं पितळ गर्जणारं,
आणि मागे हे, दर मात्रेला एक घाव,
ना माईक, ना वायर,
तेवीस वर्षं.
"म्हणायचे, मी ऐकू आलो तर समजा काहीतरी चुकलं.
एकदा कोलंबसला तार तुटली
तर नाचणाऱ्यांची पावलं अडखळली.
का, ते कुणालाच कळेना."

सातव्याच्या पलीकडे पडदे कोरे,
जणू कालच ठोकलेले.
फक्त बारावा सोडून.
त्यावर पहिल्या तारेखाली एक खळगा,
तांदळाच्या दाण्याएवढा.

तालवाल्याचं तिथे काय काम?

मी विचारलं.
बऱ्याच वेळाने त्यांनी एक हातमोजा काढला.
"आई काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला असायची.
आम्ही झोपलो असं समजून ते स्वयंपाकघरात बसायचे,
दिवा न लावता.
एकच सूर. हलवत, लांबवत.
पुढचा कोणता येणार
यावर मी आणि डेन्झिल पलंगावर पैज लावायचो,
गोट्यांची.
पुढचा कधी आलाच नाही.
कुणाच्याच गोट्या गेल्या नाहीत."

सहाही तारा चढवल्या. घोडी उभी राहिली.
त्यांनी गिटार आडवी धरली, मूल धरावं तशी, चुकीची,
आणि त्या खळग्यात बोट ठेवलं.
सूर निघाला, आणि त्याच्या बुडाशी
बारीक, पत्र्यासारखी खरखर.
पडदा झिजला की होते. दुरुस्त होईल, मी म्हणालो.

त्या ऐकत नव्हत्या.
"ही इथली होती?
आम्हाला वाटायचं, फ्रीजची आहे."

किंमत मी कागदावर लिहून ठेवली होती.
त्यांनी तो न उघडताच खिशात घातला.
पेटी मी बंद केली,
सुतळी मात्र त्यांनी बांधली, दोन गाठी मारून,
दुसरा हातमोजाही काढून.